कुकूची नखं

लडकू पाटील भिवंडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात, माझ्या बरोबर डोक्यावर. मूळचे अंजूरचे. तीस वर्षं टेम्पो चालवतायत. लूमवरून कापडाचे तागे उचलायचे आणि गोडाऊनला पोचवायचे, हे काम. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीचा कोणाला साधा धक्काही लागलेला नाही. हे ते स्वतःच सांगतात, आणि जिन्यात उभे राहून सांगतात, म्हणजे चारही मजल्यांना ऐकू जातं. त्यांचं सगळंच मोठं. आवाज मोठा, मिशी मोठी, हाताचे पंजे तर सुपाएवढे. असा माणूस साडेचार किलोच्या कुत्रीसमोर गुन्हेगारासारखा वावरत होता, हे मला फार उशिरा कळलं.

कुकू त्यांच्या मुलीची, रीमाची. तांबूस रंगाची, झुपकेदार शेपटीची छोटी पॉमेरेनियन. रीमा लग्न होऊन पडघ्याला गेली आणि तिच्या सासूबाईंना निघाला दमा. कुत्र्याचे केस घरात चालणार नव्हते. कुकू इथेच राहिली. "आमच्या गावाला कुत्रा अंगणात झोपतो, आन् ही बाय सोफ्यावर!" असं लडकू आठवडाभर कुरकुरले. मग एके दिवशी मी वर गेलो तर सोफ्यावर कुकू होती आणि ते खाली चटईवर बसून जेवत होते.

जाताना रीमाने सगळं समजावून सांगितलं होतं. कांदा घालायचा नाही, चॉकलेट द्यायचं नाही, संध्याकाळी गच्चीवर फिरवायचं. नखांचं सांगायचं मात्र तिच्या डोक्यात आलं नाही. आणि लडकूंना तरी कुठून सुचणार? गावातली कुत्री दिवसभर दगडा-डांबरावर हिंडतात, त्यांची नखं आपोआप झिजतात. कुकूचं सगळं आयुष्य गुळगुळीत लादीवर. तिची नखं वाढली, चालताना टकटक वाजायला लागली, चादरीत अडकायला लागली.

एका शुक्रवारी लूम बंद होते, टेम्पो उभा होता. लडकूंनी आपलं नेलकटर काढलं, कुकूला मांडीवर दाबून धरलं आणि आपली कापतो तशी नखं कापायला घेतली. दोन निघाली. तिसरं काळं होतं. कट्‌ झालं आणि कुकू अशी किंचाळली की खाली माझ्या हातातला कप हिंदकळला.

त्यांची बायको ठमाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. लादीवर रक्ताचे थेंब.

"अवो, जिव्हाळीला लावलंत की तिच्या!"

रुमाल दाबून धरला, थोड्या वेळाने रक्त थांबलं. एवढंसं नख, पण लडकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता, असं ठमाबाई सांगतात. कुकू पलंगाखाली गेली ती दिवेलागणीलाच बाहेर आली. आणि त्यानंतर आठ-दहा दिवस, लडकू घरात शिरले की ती ठमाबाईंच्या पातळामागे जाऊन उभी राहायची. पूर्वी टेम्पोचा हॉर्न ओळखून दारात नाचणारी कुत्री! लडकूंनी हे कोणाला सांगितलं नाही. रीमाचा व्हिडिओ कॉल आला की मोबाईल कुकूच्या तोंडाजवळ धरायचे, पाय दिसू द्यायचे नाहीत. नेलकटर त्यांनी कपाटावर फेकून दिलं.

हळूहळू कुकू विसरली. ते विसरले नाहीत. नखं वाढत राहिली.

दोन-तीन महिन्यांनी एका सकाळी माझी बेल वाजली. दारात लडकू, छातीशी टॉवेलात गुंडाळलेली कुकू.

"जरा रिक्षा करून चला माझ्याबरोबर. पाय मोडला वाटतं हिचा. उचलूनच धरते, खाली टेकत न्हाय. काल सोफ्यावरनं उडी मारली होती." मग आवाज एकदम खाली आला. "रिक्षात हिला तुम्ही घ्या. मी न्हाय धरू शकत."

तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस. मी चप्पल घातली.

रिक्षात कुकू माझ्या मांडीवर होती. लडकू खिडकीबाहेर बघत सारखं तेच म्हणत होते, "रीमाला काय सांगू? पोरीने भरवशावर ठेवली माझ्याकडे."

दवाखान्यात डॉक्टर रमशा होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, मूळ भिवंडीच्याच. त्यांनी कुकूचा पाय सगळीकडून चाचपला, वाकवून पाहिला. मग पुढच्या पायाचे, जरा वरच्या बाजूचे केस बाजूला केले.

"काका, इकडे या. पाय एकदम ठीक आहे. हे बघा काय झालंय."

अंगठ्याचं नख. ते जमिनीला टेकतच नाही, म्हणून झिजत नाही. वाढत वाढत ते गोल वळलं होतं आणि टोक मांसात रुतलं होतं.

"मोडलेला न्हाय?"

"मोडलेला नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

लडकू मागच्या बाकावर धपकन बसले. हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. शेजारी मांजर घेऊन बसलेल्या बाई जरा सरकल्या.

डॉक्टरांनी नख कापलं, रुतलेलं टोक काढलं, जखम धुऊन मलम लावलं. कुकूने एकदाच कुईं केलं. मग डॉक्टरांनी बाकीच्या नखांकडे बघितलं आणि विचारलं, "घरी कापत नाही का तुम्ही?"

लडकूंनी सगळं सांगितलं. नेलकटर, काळं नख, रक्त, पलंगाखालची संध्याकाळ, सगळं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. डॉक्टर म्हणाल्या, "रक्त थांबलं होतं ना? मग झालं. नखातून रक्त आल्याने कुत्रा मरत नाही, काका. पण तुम्ही भिऊन कापायचंच सोडलंत, त्याने हे झालं. या, दाखवते."

त्यांनी कुत्र्यांचं छोटं कटर काढलं. माणसांचं नेलकटर नख चेपतं, म्हणून ते वापरायचं नाही. कुकूच्या एका पायाची नखं पांढरी आहेत. ती उजेडात धरून त्यांनी आतली गुलाबी रेघ दाखवली. "ही तुमची जिव्हाळी. हिच्या अलीकडेच थांबायचं."

"आन् काळ्या नखात कसं दिसंल?"

"नाही दिसत. म्हणून एकदम तुकडा उडवायचा नाही. भाताच्या तुसाएवढं, पातळ पातळ कापत जायचं. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की बस. घरात कॉर्नफ्लॉवर आहे? वाटीत काढून जवळ ठेवा. चुकून रक्त आलंच तर चिमूटभर लावून दाबून धरायचं. पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर माझ्याकडे या. आणि हिला दाबून धरू नका. आधी आठवडाभर नुसते पाय हातात घ्या, खाऊ द्या, सोडून द्या. कटर दाखवूच नका."

लडकूंनी तो आठवडा इमानदारीत पाळला. जखम भरेपर्यंत तो पाय सोडून बाकीचे तीन. गाडीवरून आले की हात धुऊन खाली बसायचे, उकडलेल्या चिकनचा कण बोटांत धरायचे आणि कुकूचा पंजा तळहातावर घ्यायचे. पहिल्या दिवशी तिने झटकन ओढून घेतला. चौथ्या दिवशी तिने स्वतःच पंजा पुढे केला. खाऊसाठीच, पण केला. ठमाबाईंनी हे मला जिन्यात थांबवून सांगितलं.

मग एक शुक्रवार उजाडला. सकाळचं ऊन गॅलरीत आलं होतं. मला वर बोलावलं होतं, कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. ठमाबाईंच्या मांडीवर कुकू, बाजूला कॉर्नफ्लॉवरची वाटी, लडकूंच्या कपाळावर घाम. त्यांनी पांढऱ्या नखाचा पंजा घेतला, उजेडात धरला, इतका वेळ धरला की ठमाबाई म्हणाल्या, "अवो, कापा नायतर सोडा."

बारीकसा आवाज झाला. तुसाएवढा तुकडा लादीवर पडला. कुकूने लडकूंच्या हाताकडे बघितलं आणि चिकन मागितलं.

"झालं?" लडकूंनी मला विचारलं.

"झालं."

"रक्त?"

"कुठंय रक्त!"

"आज एवढंच," असं म्हणून त्यांनी कटर खाली ठेवलं आणि इतका मोठा श्वास सोडला की वाटीतलं पीठ उडालं. दुसऱ्या दिवशी दोन नखं, तिसऱ्या दिवशी पुन्हा एकच. काळी नखं त्यांनी शेवटी घेतली. पहिली फेरी पूर्ण व्हायला पंधरवडा लागला. रक्ताचा एक थेंब आला नाही.

शेवटचं नख झालं त्या दुपारी त्यांनी आपणहून रीमाला फोन लावला, आणि मोबाईल कुकूच्या पायांकडे धरला. मी तिथेच चहा पीत होतो. "रीमा, एक सांगायचं राहिलं," असं म्हणून त्यांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. लडकू खाली मान घालून बसले.

मग रीमा हसली. "बाबा, मी पण एकदा रक्त काढलं होतं तिचं. तुम्ही ओरडाल म्हणून तुम्हाला सांगितलं, दारात नख अडकलं. मग मी गुपचूप कुत्र्यांचे केस-नखं कापतात त्या दुकानातच नेऊन कापून आणायचे. म्हणूनच तुम्हाला सांगायचं सुचलं नाही."

"म्हंजे तू पण?"

"मी पण."

लडकूंनी ठमाबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गडगडाट करून हसले. खालून कोणीतरी विचारलं, काय झालं म्हणून. फोन ठेवल्यावर ते चटईवर आडवे झाले. कुकू आली, त्यांच्या काखेत शिरली. लूमवाल्यांचे दोन फोन वाजून गेले, पण ठमाबाईंनी दोघांना उठवलं नाही.