ती मैत्रीपूर्ण नव्हती

दिनूकाका गेल्याचं मला आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. न्यू जर्सीत, एडिसनला, ओक ट्री रोडवरच्या वाण्याच्या दुकानात बिलाच्या रांगेत उभी होते. ‘मंडळाचे ज्येष्ठ सभासद व फुटबॉलप्रेमी श्री. दिनकर चौगुले यांचे दुःखद निधन.’ पुढे जोडलेले हात, आणि त्या हातांना खेटून फुटबॉलचं एक चिमुकलं चित्र. हातातली कोथिंबीर मी तिथेच ठेवली आणि बाहेर गाडीत येऊन बसले. रडू येत नव्हतं, संताप येत होता. फुटबॉलप्रेमी! शनिवारी सोफ्यावर लोळत मॅच लावतो तो फुटबॉलप्रेमी. जगाने विसरून टाकलेल्या एका स्पर्धेचा इतिहास जो माणूस चाळीस वर्षं नोकरी सांभाळून लिहितो, त्याला इतिहासकार म्हणतात. हेच ग्रुपवर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात पुसून टाकलं... कारण दिनूकाकांच्या बाबतीत चुकीचा शब्द वापरण्यात मंडळाचा नंबर दुसरा होता. पहिला माझा.

या गोष्टीला सहा आठवडे झाले. मी मुळात कमी बोलणारी. आमच्याकडे तो गुण समजतात. माझ्या बाबतीत ती नुसती सोय होती, हे आता स्वच्छ लिहायला हवं. नऊ वर्षांपूर्वी मी दिनूकाकांचा एक शब्द बदलला, आणि त्याचा आळ त्यांच्या सगळ्यात जवळच्या मित्रावर जाताना गप्प उभी राहिले.

दिनूकाका कोल्हापूरचे. कोल्हापूर म्हटलं की लोकांना कुस्ती आठवते. फुटबॉलचं वेड बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. तिथे तालमी आहेत, म्हणजे कुस्तीचे आखाडे, आणि त्याच तालमींचे फुटबॉल संघ. दोन पेठांची मॅच असली की सोयरिकींत अबोला धरला जातो. अशा पेठेतला हा मुलगा एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनिअरिंग शिकायला न्यूयॉर्कला आला. इथे येऊन बघतो तर फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा भलताच खेळ. त्या उन्हाळ्यात एका न्हाव्याच्या दुकानात, काचेवर चिकटवलेला एक कागद त्यांना दिसला: युरोप आणि दक्षिण अमेरिकेतले क्लब शहरात खेळायला येत आहेत. मैदान होतं बेसबॉलचं. आता ते राहिलेलं नाही, तिथे उंच इमारती उभ्या आहेत. दोन गट, साखळी सामने, गटविजेत्यांची गाठ, शेवटी करंडक. ब्राझीलचे, जर्मनीचे, इटलीचे, इंग्लंडचे क्लब. एकाच मैदानावर, एकाच उन्हाळ्यात, दोन खंडांचा हिशेब लावायचा हा तेव्हाच्या जगातल्या पहिल्या-वहिल्या प्रयत्नांपैकी एक.

काका सांगायचे, बघायला येणारे सगळे आपापल्या देशाचे. इटालियन इटलीसाठी ओरडत, जर्मन जर्मनीसाठी. ‘त्या गर्दीत ज्याचं मैदानात कुणीच नव्हतं असा मी एकटा. मग काय करणार? वही काढली आणि लिहीत बसलो.’ त्या वहीतून पुढे सगळं वाढत गेलं. स्पर्धा काही वर्षांत बंद पडली. काका नोकरीला लागले, लग्न झालं, जर्सीत घर घेतलं, मुलं कॅलिफोर्नियाला गेली, काकू वारल्या. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फिल्म बघणं मात्र सुटलं नाही. म्हातारे झालेले खेळाडू शोधून ते त्यांना पत्रं घालायचे. ब्राझीलहून पोर्तुगीजमध्ये उत्तर आलं की ऑफिसातल्या एका सफाई कामगाराकडून वाचून घ्यायचे. आणि हे सारं लिहायचे मराठीत. इंग्रजीत लिहिलंत तर चार लोक जास्त वाचतील, असं मी एकदा सुचवलं. त्यावर म्हणाले, ‘त्या चार लोकांनी ते विसरलंय, संपादकबाई. तालमीतल्या पोरांना अजून माहीतच नाही. माहीत नसलेल्याला सांगणं सोपं.’

संपादकबाई मी, म्हणजे मंडळाच्या दिवाळी स्मरणिकेची. त्यांनी त्या वर्षी जाड पिवळ्या कागदांवर हाताने लिहिलेला लेख दिला. तो टाइप केला मोहरीलकाकांनी. हे नागपूरचे, दिनूकाकांपासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे, निवृत्त केमिस्ट. गेली कितीतरी वर्षं दर शनिवारी सकाळी हे दोघे दिनूकाकांच्या बेसमेंटमध्ये पोहे खात इंग्लंडच्या क्लबांची मॅच बघायचे आणि भांडायचे. मोहरीलकाकांनी दोन बोटांनी, आपल्या जुन्या फॉन्टमध्ये, अडीच महिने खपून लेख टाइप केला आणि नव्या फॉन्टमध्ये बदलून मला पाठवला. एकही चूक नव्हती.

चूक मी केली. मला चूक करायचीच नव्हती, हाच विनोद आहे. मी पुण्याची, माझ्या माहेरी खेळ म्हणजे क्रिकेट, आणि कुणी आपली चूक काढणं म्हणजे मोठा अपमान. मी इंटरनेटवर तपासलं, तर जगज्जेत्या क्लबांच्या अधिकृत यादीत ही स्पर्धा कुठेच नव्हती. समितीतला एक जण म्हणाला, मॅडम, ऑफिशियल नसेल तर फ्रेंडली म्हणा ना, उगाच कुणीतरी पकडेल यार. मला ते पटलं. कुणी कुठल्या यादीत काय घातलं नाही, हे मी प्रमाण मानलं. आणि जो माणूस तिथे बसून लिहीत होता, त्याला एक फोनसुद्धा केला नाही. ‘स्पर्धा’ शब्द शोधून सगळीकडे एकदम ‘मैत्रीपूर्ण मालिका’ घालायची आज्ञा मी कॉम्प्युटरला दिली. ‘सामने’ न घालता ‘मालिका’ घातलं, का, तर ‘स्पर्धा’सारखाच तोही शब्द स्त्रीलिंगी, वाक्य मोडणार नाही. इतकी मी व्याकरणाची काटेकोर!

वाक्यं मोडली नाहीत, त्यांचं माकड झालं. ‘स्पर्धेचा’, ‘स्पर्धेत’ यांत ‘धा’ नाही, म्हणून ते शब्द तसेच राहिले. त्यामुळे एका ओळीत स्पर्धा, पुढच्या ओळीत मालिका. लेखकालाच ठाऊक नाही असं वाटावं. आणि काकांनी जिथे ‘अमेरिकेतली पहिली खरी स्पर्धात्मक झुंज’ लिहिलं होतं, तिथे छापून आलं ‘पहिली खरी मैत्रीपूर्ण मालिकात्मक झुंज’. मी शेवटचं प्रूफ वाचलं नव्हतं. जाहिराती लावत होते.

दिवाळीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाने ते वाक्य स्टेजवरून वाचलं. शाळेचं ते सभागृह खदखदून हसलं. जेवणाच्या रांगेत एकाने विचारलं, ‘काका, कितव्या एपिसोडला गोल झाला?’ दुसरा म्हणाला, मालिका आहे तर सासू कोण होती? काका हसले नाहीत. स्मरणिका हातात घेऊन ते मोहरीलकाकांसमोर उभे राहिले. मोहरीलकाका पांढरे पडले होते. म्हणत होते, मी जसं होतं तसंच केलं रे, पण फॉन्ट बदलताना अक्षरं इकडची तिकडे होतात कधीकधी... मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात श्रीखंडाची वाटी होती. मी म्हणाले, ‘टायपिंगच्या वेळी काहीतरी झालं असेल.’

एवढंच. नाव घेतलं नाही. काहीतरी झालं असेल... आमच्या भाषेत ही फार मोठी सोय आहे, कर्त्याशिवाय क्रियापद.

दिनूकाका मोहरीलकाकांना म्हणाले, ‘इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून ऐकलंस, आणि तुलाही ती मैत्रीपूर्णच वाटली होय?’ त्यानंतर शनिवारचे पोहे बंद झाले. दोन गल्ल्यांचं अंतर, आणि नऊ वर्षं अबोला. पेठेतला माणूस होता तो, अबोला कसा धरायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात जगभरचे क्लब खेळायला अमेरिकेत आले, आमच्या न्यू जर्सीतही आले. ज्यांना ऑफसाइड कळत नाही तेही जर्सी घालून फिरू लागले. मंडळाने ग्रुप तिकिटांचा मेसेज टाकला: जगातले क्लब अमेरिकेत, इतिहासात पहिल्यांदाच! त्याखाली काकांनी तीन शब्द लिहिले. ‘पहिल्यांदा नाही. तपासा.’ उत्तर म्हणून कुणीतरी हसरा चेहरा टाकला आणि लिहिलं, मालिका पुन्हा सुरू. काकांनी ग्रुप सोडला. मला त्या सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांचा अजूनही राग आहे. पण तो शब्द त्यांच्या हातात कुणी दिला?

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले, सांगून टाकायचं असं ठरवूनच. त्यांनी चहा केला. पंच्याऐंशी वय, पण कप काठोकाठ भरून आणला. मी म्हणाले, काका, त्या शब्दाबद्दल... ते मला पुढे बोलू देईनात. त्यांना वाटलं, मी समजूत घालायला आलेय. ‘आमच्या पेठेत मैत्रीपूर्ण मॅच हा प्रकारच नाही,’ ते म्हणाले. ‘आणि इथं? फायनल संपल्यावर हरलेल्यांचा एक बॅक, बचावाला खेळणारा, बूट काढून गवतात बसला होता. एवढा मोठा गडी, हुंदके देत होता. यादीतून नाव काढतील, पण त्याचं रडणं कसं काढतील, सांगा की.’ मग त्यांनी भांड्यात उरलेला चहा माझ्या कपात ओतला. माझं वाक्य तयार होतं. मी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि निघाले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी मी मोहरीलकाकांकडे गेले. ते आता ज्येष्ठांच्या निवासात एका खोलीत राहतात. मी खुर्चीवर बसायच्या आधीच सगळं सांगितलं. बसले असते तर पुन्हा चहाच प्यायला असता. त्यांनी हातातलं भिंग बाजूला ठेवलं. मग म्हणाले, ‘मी तो फॉन्ट किती वेळा तपासला, माहीत आहे तुला? तीच फाइल पुन्हा पुन्हा बदलून बघितली. दर वेळी बरोबर यायची. वाटलं, त्या दिवशीच माझ्या हातून काय झालं असेल, मी म्हातारा झालो...’ त्यांचा आवाज चढला. ‘आणि तू आता सांगून राहिली मला? तो गेल्यावर? त्याच्यासमोर बसून चहा पिऊन आली आणि काऊन नाही बोलली?’

मी रडले. त्यांनी पाण्याचा ग्लाससुद्धा पुढे केला नाही, आणि ते बरोबरच होतं. जाताना एवढंच म्हणाले, ‘मला सांगून काय होणार? छापलं होतं ना? मग छापूनच सांग.’

मंडळाला मी तसं कळवलं. उत्तर आलं की श्रद्धांजलीत निगेटिव्ह नको, दोनशे शब्दांत छान आठवणी द्या, फोटो आम्ही लावू. म्हणून हा लेख इथे, वर्तमानपत्राच्या या पुरवणीत. जे त्या सभागृहात हसले त्यांच्यातले काही जण हे वाचतील. त्यांना सांगते: तो शब्द चौगुल्यांचा नव्हता, मोहरिलांचाही नव्हता. तो मी घातला. ती मैत्रीपूर्ण मालिका नव्हती. तिथे गुण होते, करंडक होता, जिंकणारे होते आणि गवतात बसून रडणारेही होते.

गेल्या महिन्यात मोहरीलकाकांचा फोन आला. त्यांनी माफ केलेलं नाही, तसं ते स्पष्ट म्हणाले. पण लेखाची फाइल जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेली, मूळ कागद तेवढे त्यांच्याकडे आहेत, आणि त्यांचे डोळे आता टाइप करण्याइतके चालत नाहीत. तेव्हा शनिवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत जाते. ते भिंग धरून वाचतात, मी टाइप करते. पूर्ण लेख कोल्हापूरला पाठवायचा आहे, काकांच्या तालमीत. काम हळू चालतं, कारण दिनूकाका ‘स्पर्धा’ शब्दावरचा रफार असा काही जोरात उडवायचे की तो वरच्या ओळीत जाऊन घुसतो. तो शब्द आला की मोहरीलकाका थांबतात, त्या रफारावर बोट ठेवतात, आणि मी सगळी अक्षरं टाइप करून त्यांना मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत बोट उचलत नाहीत.