मॅडम बाहेर उभ्या होत्या

फीडबॅकचा फॉर्म भरताना शिकवणाऱ्याने वर्गात थांबायचं नाही, असा आमच्या मराठी विभागाचा नियम आहे. म्हणून एम.ए.च्या शेवटच्या तासाला मॅडम व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती आणि बोटांचा खडू पदराला पुसणारा हात.

"सगळीकडे पाच दे आणि चल गं, कँटीन बंद होईल," शेजारची मैत्रीण म्हणाली.

मीही पाच देत गेले. पण 'या अभ्यासक्रमाने तुमचं समाधान झालं का?' इथे पेन अडलं. पोट भरलं की माणूस ताटावरून उठतो. मला तर उठायचंच नव्हतं. इंग्रजी शाळेतली मी, बोलताना चुकेन म्हणून दोन वर्षं या वर्गात गप्प बसले. आता कुठे बोलावंसं वाटू लागलं होतं.

शेवटी तिथेही पाच लिहिले. तोवर सगळे निघून गेले होते. मॅडमनी दारातून डोकावून विचारलं, "झालं का गं?"

भरलेल्या फॉर्मवर हात ठेवून मी म्हणाले, "नाही मॅडम, अजून थोडं राहिलंय."

"असू दे, सावकाश भर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.