फुगलेला हात

"हिची बाही वर करा. आष्ट्याच्या वस्तीतली आहे, हमखास फुगणार."

एमएस्सीची नवी पोरं हसली. मी त्यांच्यापुढं उभी. साताऱ्यातल्या प्रयोगशाळेत क्षयाच्या प्रतिकारशक्तीवर पीएचडी करणारी. बोलणारा माझा गाईड. त्याला सर म्हणायची माझी आता इच्छा नाही.

ह्या तपासणीत क्षयाच्या जंतूचं प्रथिन कातडीत टोचतात. जंतूशी आधी कधी गाठ पडली असेल तर दोन-तीन दिवसांत तिथं फुगतं. आजार असतोच असं नाही. आणि जंतू बंगलेवाल्यांनाही सोडत नाही, हा आमचा पहिलाच धडा. तरी हात माझाच. का, तर "आपल्या घरांत असा हात कुठं मिळणार?" असं त्यानं पोरांना विचारलं. माझं मनगट धरून.

प्रबंधावर सही त्याची. मी गप हात दिला.

तिसऱ्या दिवशी फुगला. कसं दाबून बघायचं ते त्यानं आधी एका पोराच्या कोऱ्या हातावर दाखवलं. मग माझ्या हातावर. मापायला पट्टी लावली. पोरांनी मोबाईलवर फोटो काढले. नंतर तो बेसिनपाशी गेला आणि हात धुवायला लागला. बोटांच्या बेचक्यांत साबण. कोपरापर्यंत साबण. परत साबण.

त्या पोराला हात लावल्यावर बेसिन आठवलं नव्हतं.

फुगलेल्या कातडीतून कुणाला काही लागत नाही. हे मला त्यानंच शिकवलेलं. मग हा माणूस धूत काय होता? मला कळायचं ते कळलं. शी! एवढी पुस्तकं वाचून डोक्यात हीच घाण.

सुट्टीला आष्ट्याला गेले. आईनं हात बघितला. "काय चावलं गं?" मी सगळं सांगितलं. भाकरी थापता थापता ती थांबली.

"आन् तू दिलास व्हय हात?"

एवढंच बोलली. मला रडू आलं नाही. स्वतःचीच किळस आली, आणि मग राग. लय राग.

पुढच्या वर्षी नवी पोरं आली. परत तेच. "चल, बाही वर कर." एकदा असा हात फुगलेल्या माणसाला परत टोचायचं नसतं, हेही त्यानंच शिकवलेलं.

"आधी तुमची बाही वर करा, सर."



"सही माझी लागते, विसरू नकोस."

"विसरले न्हाई. पण हात देणार न्हाई."

त्यानं स्वतःच्या बाहीचं बटण लावलं आणि तो निघून गेला.

तेव्हापासून माझा प्रबंध त्याच्या टेबलावर पडून आहे. पडू दे. दुसरा गाईड मागितलाय. नाही दिला तर परत मागेन, वर जाऊन भांडेन. सोडून मात्र जाणार नाही. डॉक्टरेट इथूनच घेणार. हेच प्रॅक्टिकल एक दिवस मी शिकवणार. कुणाचा हात धरून त्याची वस्ती विचारणार नाही. आणि माझ्यासमोर कुणी विचारलीच, तर त्याला तिथल्या तिथं वर्गाबाहेर काढणार.