नसीम बाईंचा तो तास

फोन इम्रानचा होता. रविवारी सकाळी मी मेथी निवडत बसले होते, हात मातीचे, म्हणून नातीनं फोन माझ्या कानाला लावून धरला. "मावशी, अम्मी गेली," एवढंच तो म्हणाला. नसीम दीड वर्ष डायलिसिसवर होती, तेव्हा ही बातमी कधीतरी येणार हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. तरी माझ्या तोंडून भलतंच निघालं... "अरे, पण मी गुरुवारी येणार होते ना!" मी धक्क्यात बोलतेय असं त्याला वाटलं असणार. तसं नव्हतं. मला नसीमशी एक गोष्ट बोलायची होती आणि ती मी नऊ वर्षं पुढं ढकलत आले होते.

गारखेड्यातल्या आमच्या मराठी शाळेत नसीम शेख बावीस वर्षं इतिहास शिकवत होती. मी मराठी शिकवायचे, पुढं पर्यवेक्षिका झाले. आम्ही एकाच वर्षी रुजू झालो. मी बिडकीनच्या शेतकरी घरातली, ती फर्दापूरची. तिचे वडील अजिंठ्याच्या लेण्यांत गाईड होते. आयुष्यभर त्या माणसानं येणाऱ्या-जाणाऱ्यांना बुद्धाच्या जन्माच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणी ती त्यांच्यासोबत लेणी चढायची. "अब्बा पाच वेळचे नमाजी," ती सांगायची, "पण बुद्ध घर सोडून निघाला ते चित्र आलं की त्यांचा आवाज दर वेळी भरून यायचा. मी विचारलं, अब्बा, रोज रोज कसं हो रडू येतं? तर म्हणाले, बेटा, दुसऱ्याची गोष्ट सांगायची तर त्याच्या घरात गेल्यासारखी सांगावी, चपला बाहेर काढून." नसीम शिकवायची ती याच रीतीनं. वारकरी संतांवरचा धडा असो, शीख गुरूंवरचा असो, नाहीतर धम्मदीक्षेवरचा, पोरं तिच्या तासाला खिडकीबाहेर बघत नसत. धम्मदीक्षेच्या धड्याला तर तिनं वर्गातल्याच एका मुलीच्या आजीला बोलावून घेतलं होतं. आजी म्हणाली, "मला काय येतंय बाई सांगायला?" नसीम म्हणाली, "तुम्ही त्या दिवसाचं तुमच्या आईकडून ऐकलंय ना? तेवढंच सांगा. पुस्तकात तेच नाय."

नऊ वर्षांपूर्वी एके दिवशी तिचा इस्लामच्या उदयाचा धडा होता. पाठनिरीक्षणासाठी मी तिची टाचण वही, पाठाच्या तयारीची, मागवली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. नसीमनं फळ्यावर खडूनं अरबस्तान काढलं, खाली उंटांचे तांडे जायचे ते रस्ते, आणि डाव्या अंगाला समुद्रापलीकडं हबशांचा देश. मक्का हे व्यापाऱ्यांचं गाव. तिथला एक पोरका मुलगा आधी आजोबांनी सांभाळला, मग काकांनी. मोठेपणी व्यवहाराला इतका चोख की लोक आपल्या ठेवी त्याच्याकडं आणून ठेवायचे. चाळिशीत तो डोंगरातल्या गुहेत एकांतात बसायला लागला, आणि तिथं त्याला पहिला शब्द ऐकू आला, तो होता 'वाच'. नसीम म्हणाली, "ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं त्याला, बरं का!" ईश्वर एकच, त्याच्यापुढं मालक आणि गुलाम एका रांगेत, ही शिकवण गावातल्या बड्या लोकांना झोंबली. छळ सुरू झाला. तेव्हा पैगंबरांनी काही जणांना समुद्रापार पाठवलं, तिथल्या ख्रिस्ती राजाकडं. मक्केचे लोक नजराणे घेऊन मागोमाग गेले, की आमची माणसं आम्हाला परत द्या. राजानं निर्वासितांना विचारलं, तुमचं म्हणणं काय? त्यांनी कुराणातली मरियमची, म्हणजे येशूच्या आईची, गोष्ट म्हणून दाखवली. राजानं नजराणे परत केले, माणसं दिली नाहीत. हा प्रसंग आदल्या दिवशी नसीमनं पोरांकडून करून घेतला होता. राजा झाला होता आमच्या शिपायाचा मुलगा, त्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला होता.

मग मदिनेला स्थलांतर, तिथून सुरू झालेली कालगणना, आणि पुढचा प्रसार. एका मुलीनं हात वर केला. "बाई, आमच्या घरी म्हणतात तलवारीनं पसरला." दोघा-तिघांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. मीही जरा सावरून बसले. नसीम हसली नाही, चिडलीही नाही. "फौजा गेल्या, हे खरंय," ती म्हणाली. "राज्यं जिंकली, माणसं मारली, हेही खरंय. जहाजातून व्यापारी आपल्या कोकणच्या किनाऱ्याला उतरले, तेही खरंय. आन् खुलताबादला फकीर येऊन बसले, त्यांच्याकडं लोक आपल्या पायानं गेले, हेही खरंय. एक सांगून बाकीचं झाकलं तर तो इतिहास नाही." मग दुसरी मुलगी म्हणाली, "बाई, मुसलमान होताना काय म्हणतात?" नसीमनं ते अरबी वाक्य म्हणून दाखवलं आणि अर्थ सांगितला, की अल्लाहशिवाय दुसरा ईश्वर नाही आणि मुहम्मद त्याचे प्रेषित आहेत. नवा, गोल शब्द कानावर पडला की पोरं तो तोंडात घोळवतात, तसं पाच-सहा जणांनी ते मोठ्यानं म्हटलं. ती लगेच म्हणाली, "अं हं, म्हणायचं नाही. समजून घ्यायचं. मागं त्रिशरण बघितलं तेव्हा काय ठरलं होतं आपलं?" वर्ग एका सुरात म्हणाला, "समजून घ्यायचं!" घंटा झाली. मी तिथंच लाल पेनानं तिच्या टाचण वहीत लिहिलं, 'पूर्ण तास पाहिला. विद्यार्थ्यांच्या अवघड शंकांचं समाधान संयमानं केलं. उत्तम पाठ.' खाली सही केली आणि तारीख घातली.

त्या दिवशी वर्गात एक प्रशिक्षणार्थी शिक्षिकाही होती. आपल्या सरावासाठी ती मोबाइलवर चित्रण करत होती. ते बाहेर कुणी दिलं, कुणी कापलं, हे अखेरपर्यंत कळलं नाही. चार दिवसांत अर्ध्या शहराच्या मोबाइलवर ते पोचलं. नसीम अरबी म्हणतेय आणि पोरं तिच्यामागून म्हणतायत... बस्स, तिथंच संपायचं. 'म्हणायचं नाही' हे त्यात नव्हतं. शाळेच्या फाटकाशी माणसं जमली, घोषणा झाल्या. मुख्याध्यापकांनी नसीमला मागच्या दारानं रिक्षात बसवून दिलं. तिच्या हातात जेवणाचा डबा तसाच होता, न उघडलेला.

संस्थेनं चौकशी नेमली. निरीक्षणाला मी होते हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून पहिलं बोलावणं मला आलं. चौकशीवाल्या सरांनी माझ्यापुढं कोरा कागद ठेवला आणि फार गोड आवाजात म्हणाले, "बाई, शेवटच्या दहा मिनिटांत तुम्ही आत होतात का बाहेर, नीट आठवून लिहा. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत ना तुमची?" घरी यांनी आधीच बजावलं होतं, "तू कशाला मधी पडतीस? उद्या आपल्या दारावर येतील लोक." मी लिहिलं, 'पाठाच्या अखेरच्या भागात कार्यालयीन कामासाठी मी वर्गाबाहेर गेले होते. त्यामुळं पुढं काय घडलं याची मला माहिती नाही.' खाली सही केली, तारीख घातली. सरांनी कागद घेतला, म्हणाले, "छान." त्या 'छान'ची शिसारी अजून जात नाही.

पण टाचण वही नसीमकडं होती. माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीनं, 'पूर्ण तास पाहिला'. तिनं ती टेबलावर ठेवली असती तर ती त्याच दिवशी सुटली असती आणि मी खोटी ठरले असते. रोज सकाळी शाळेत गेले की मी आधी मुख्याध्यापकांच्या टेबलाकडं बघायचे. आज दाखवील, उद्या दाखवील... तिनं दाखवली नाही. चौकशीत काही सिद्ध झालं नाही. तरी 'वातावरण निवळेपर्यंत' म्हणून इतिहास तिच्याकडून काढून घेतला आणि ग्रंथालयात शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायला बसवलं. ते वातावरण कधी निवळलंच नाही. तिकडं तिच्या मोहल्ल्यातलेही दोन बुजुर्ग घरी येऊन बोलून गेले, की दीनातल्या, म्हणजे धर्मातल्या, प्रसंगाचं नाटक पोरांकडून करून घेतलंस, ही बेअदबी झाली. त्यानंतर एकदा ग्रंथालयात ती मला म्हणाली, "मंगलताई, हे म्हणतात मी पोरं बाटवते. ते म्हणतात मी दीनाची थट्टा करते. मी नुसती शिकवत होते, हे कुणालाच दिसंना." मी काय म्हणाले? "होईल सगळं नीट," असं म्हणाले आणि उठून गेले. मला तरी दिसलं होतं, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं. वर्षभरात तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. निरोपसमारंभ नको म्हणाली.

येणं-जाणं तुटलं नाही. ईदला तिच्याकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला मी फराळ पाठवायचे. तुटलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. ती आजारी पडल्यावर मी दर गुरुवारी दवाखान्यात तिच्याजवळ जाऊन बसू लागले. मशीन चार तास चालायचं, ती कधी झोपायची, कधी बोलायची. शेवटच्या गुरुवारी डोळे मिटूनच एकदम म्हणाली, "वही होती माझ्याकडं."

मला वाटलं, आता जमीन फाटावी.

"दोनदा पर्समधी घालून नेली. एकदा तर ऑफिसच्या दारापर्यंत गेले होते."

"मग?" मी विचारलं.

"मग वाटलं, तुम्ही याल आन् सांगाल. मला तुमच्या तोंडून पाहिजे होतं, ताई. वहीतून नाही." तिनं डोळे उघडले. त्यांत राग नव्हता, रागापेक्षा वाईट असं काहीतरी होतं... थकवा. "लई वाट बघितली मी."

तेवढ्यात नर्स रक्तदाब बघायला आली, पट्टा गुंडाळायला लागली. नसीमचा डोळा लागला. उठवून कसं बोलायचं? मी मनाशी म्हटलं, पुढच्या गुरुवारी. पायाला हात लावून माफी मागेन, मोठी असले तरी. आणि मधे तो रविवार आला.

रोशन गेटजवळच्या तिच्या घरी पोचले तेव्हा जनाजा निघायची वेळ झाली होती. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून आम्ही आतल्या खोलीत बसून होतो. इम्रान दारात उभा राहिला आणि जमलेल्यांना हात जोडून म्हणाला, "अम्मीकडून कुणाचं मन दुखावलं असेल तर मेहरबानी करून माफ करा." मेलेल्या माणसासाठी घरच्यांनी असं म्हणायची रीत आहे. चहूकडून आवाज आले, "माफ है, माफ है." माझ्या शेजारची म्हातारी रडत रडत तेच म्हणत होती. मी पदर तोंडाला लावून बसले. तिनं माझं मन कधी दुखावलं होतं? आणि जिवंत राहिलेल्यानं मेलेल्याकडं माफी मागायची तर ती कुणापुढं मागायची, हे कुणाला विचारणार?

तीन आठवड्यांनी मी संस्थेच्या कार्यालयात पत्र घेऊन गेले. पूर्वीचा माझा जबाब खोटा होता, मी पूर्ण तास वर्गात हजर होते, नसीम शेख यांनी मुलांना काहीही म्हणायला लावलं नव्हतं, उलट अडवलं होतं... सगळं एका पानात लिहिलं. क्लार्क नवा होता. त्यानं वाचलं, मान खाजवली. "बाई, ती फाईल आता कुठं सापडायची? आन् त्या बाई तर..." "गेल्या," मी म्हटलं. "पोच द्या." त्यानं शहराचं नवं नाव असलेला शिक्का शोधून उमटवला. ती पोच आणि पत्राची प्रत घेऊन मी तशीच इम्रानकडं गेले.

त्यानं उभ्यानंच वाचलं. मग पुन्हा एकदा, खाली बसून. "अम्मीनं कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "बाबा, तू तरी मला माफ कर." त्यानं कागद मांडीवर ठेवला. "मावशी, अल्लाहचा गुन्हा केला तर अल्लाह माफ करील. पण माणसाचा केला तर त्या माणसानंच माफ करावं लागतं, असं आमच्यात मानतात. ते अम्मीचं होतं. मी कसं म्हणू?" त्याच्या आवाजात चीड नव्हती. त्यानं प्रतीची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली. सून चहा घेऊन आली. तो मी घेतला, पण त्याची चव काही कळली नाही.

निघाले तेव्हा बाजूच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. मी डोकावले. भिंतीवर काळा फळा, खाली चटई आणि चटईवर सात-आठ पोरी, दप्तरं मांडीवर घेतलेल्या. नोकरी सोडल्यापासून नसीम गल्लीतल्या मराठी शाळेतल्या पोरींना दुपारी शिकवायची, हे तिनं मला एकदा ओझरतं सांगितलं होतं. "अजून येतात," इम्रान हळूच म्हणाला. "शिकवायला कुणी नाही. आपापलं वाचतात, घंटाभर बसून जातात. नको कसं म्हणायचं?" मग त्यांना म्हणाला, "या मंगलमावशी. अम्मीच्या शाळेतल्या."

एक चष्मेवाली पोरगी माझ्याकडं रोखून बघत होती. "शेख बाईंच्या शाळेतल्या?" तिनं विचारलं. "मग तो व्हिडिओवाला तास झाला तेव्हा तुम्ही होतात तिथं?"

इम्राननं तिला गप्प करायला हात उचलला. मी त्याला थांबवलं.

"होते," मी म्हटलं. "शेवटच्या बाकावर. घंटा होईपर्यंत."

"मग पुढं काय झालं होतं? त्यात तर मधीच तुटतं."

पोरींनी सरकून चटईवर जागा केली. मी दाराशी चपला काढल्या आणि त्यांच्यात खाली जाऊन बसले.