टॅपेटचं माप आणि माझी सवत

अंगात येणाऱ्या बायकांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कोणाच्या अंगात आलं की मी आधी चौकशी करायची, हिच्या घरी भांडण कशावरून चाललंय? आणि काहीतरी निघायचंच! तुमच्या सदरातले अनुभव वाचतानाही मी हसतेच... तरी आज स्वतः लिहायला बसलेय. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गोष्ट अकोल्याची, साठ सालानंतरची. माझं माहेर हिवरखेड, घरी कपाशीची शेती, शिक्षण मराठी सातवी. मला दिली ती बिजवराला. आमच्या ह्यांचं मालधक्क्याच्या रस्त्यावर गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं — पुढे गॅरेज, मागे आमच्या दोन खोल्या. ह्यांची पहिली बायको कुसुम तापानं गेलेली. आमच्यात दुसरी बायको गळ्यात पहिलीचा टाक घालते. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. म्हणजे दिवाळीचं माझं लुगडंसुद्धा उष्टंच!

त्या कुसुमला मी कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या नावानं माझा जीव जळायचा. कुसुम अमरावतीची, मॅट्रिक झालेली, इंग्रजी वाचणारी. शेजारणी म्हणायच्या, "कुसुमसारखी बाई होणे नाई." मी मनात म्हणायची, मेल्या म्हशीला मणभर दूध! ती जिवंत असती तर ह्याच बायकांनी तिला नावं ठेवली असती.

अशात ती गाडी आली. एका जिनिंगवाल्या शेठच्या मुलाची, दोन सीटची, बिनटपाची विलायती गाडी. लाल. पळायला वारा, पण इंजिन जाम झालेलं. ह्यांनी ते सगळं उघडलं, पार्ट न् पार्ट धुऊन गोणपाटावर मांडला आणि मग डोक्याला हात लावून बसले. अशा इंजिनला प्रत्येक गोष्टीचं माप ठरलेलं असतं — कुठे किती फट ठेवायची, कोणता नट आधी आवळायचा, किती जोरानं. इंचाचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला तर वॉल्व्ह जळायचे. जीप-ट्रकची मापं ह्यांना पाठ होती, ह्या गाडीची नव्हती.

"मंग आधी कसं केलतं?" मी विचारलं. कारण हीच गाडी काही वर्षांपूर्वी ह्यांनीच बांधली होती.

"तवा पुस्तक होतं. इंग्रजी. कुसुम वाचून सांगे, मी लावत जाय."

"मंग लिवून नाही ठेवलं?"

"कायले लिवू? ती होती ना."

ती होती ना! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी भाकरी अशी थापली की परातच हलली.

पुस्तक शेठच्या घरी वाळवीनं खाल्लेलं. ह्यांनी मुंबईला कळवलं, अमरावतीच्या दोन गॅरेजांत जाऊन विचारून आले, कोणालाच ठाऊक नाही. शेठचा मुलगा रोज येऊन डाफरायचा, गाडी मुंबईला नेतो म्हणायचा. आणि हे उठता-बसता एकच — "ती असती तर..." जेवताना तेच, आंघोळीला जाताना तेच. मी वरण वाढतेय समोर, आणि हे जी नाही तिच्याशी बोलतायत. मी ह्या घरात आहे की नाही, असंच वाटायला लागलं मला.

वैशाखातली दुपार होती. मी चहा घेऊन गॅरेजात गेले. हे इंजिनवर वाकलेले, हातात त्या पातळ पातळ पट्ट्या — फट मोजायच्या असतात त्या. मान वर न करताच म्हणाले, "ती असती तर आत्ता सांगतलं असतं."

माझं डोकंच फिरलं. कप आपटला आणि गळ्यातला टाक त्यांच्यापुढे धरला. "मंग इचारा ना तिले! हे काय, इथंच तं लटकून राहिली! माह्या छातीवर बसली हाय लग्न झाल्यापासून! इचारा!"

आणि पुढचं माझ्याच तोंडून निघालं, त्याच दमात — "गरम असताना. इंटेकले बारा, एक्झॉस्टले चौदा."

ह्यांनी मान वर केली. इंटेक म्हणजे काय, एक्झॉस्ट म्हणजे काय, मला आजही नीट सांगता यायचं नाही. आवाज माझाच होता, घसा माझाच. ना अंग थरथरलं, ना डोळे फिरले. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं मी.

ह्यांनी हळूच विचारलं, "हेडचे नट?" मी म्हटलं, "मधून सुरू करा, बाहेर जा. तीनदा फिरा." मग रिंगांचं विचारलं, बेअरिंगचं विचारलं, आणि मी सांगत गेले. मला थांबायचं होतं, खरंच सांगते, पण ओठावर उत्तर तयारच असायचं. हे भराभर कामाला लागले. चेहरा असा फुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता. चहा तसाच राहिला.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. शेठचा मुलगा मूर्तिजापूरवरून अमरावतीला गेला आणि परत आला, गाडीनं हूं की चूं केलं नाही. लोक ह्यांना म्हणाले, "मिस्त्री, कमाल केली तुमी!" हे नुसते हसायचे. त्यानंतर ह्यांनी दुसऱ्या गाड्यांची मापं मला मुद्दाम विचारून पाहिली. एक अक्षर सुचलं नाही.

मी स्वतःची समजूत घातली होती, ह्यांच्याच बडबडीत कधीतरी कानावर पडलं असेल. आमच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही हेच सांगितलं. पण पावसाळा संपता संपता मुंबईहून पुस्तक आलं. ह्यांनी सगळी हकीकत शेजारच्या मास्तरांच्या कानावर घातली आणि त्यांनी गॅरेजात उभं राहून पुस्तक वाचून दाखवलं. रिंग बरोबर, बेअरिंग बरोबर, नट बरोबर. टॅपेटला, म्हणजे वॉल्व्हच्या फटीला, मात्र पुस्तकात इंटेक-एक्झॉस्ट दोन्हीकडे बाराच. चौदा कुठेच नाही.

"हे तेवढं चुकलं तुमच्या बाईचं," मास्तर म्हणाले आणि गेले.

ह्यांनी पुस्तक हातात घेतलं. मग म्हणाले, "चुकलं नाही. पयल्या खेपेले वॉल्व्ह जळला होता. कुसुम म्हणे, हे माप विलायतेतल्या थंडीचं हाय, अकोल्याच्या उन्हात दोन वाढवून पाहा. आमी दोघांनी मिळून चौदा केलतं. कोणाले सांगतलं नाही... मीच विसरून गेलो होतो."

आता जे ह्यांनाच आठवत नव्हतं, ते ह्यांच्या बडबडीतून माझ्या कानावर कसं पडणार? डॉक्टरांना पुन्हा विचारलं, त्यांनी विषय बदलला. आज इतकी वर्षं झाली, हे पण राहिले नाहीत. उत्तर मिळालं नाही, आता मिळेल असंही वाटत नाही.

पण त्या दिवशी मास्तर गेल्यावर ह्यांनी मला एक विचारलं होतं. पुस्तक मिटलं, माझ्याकडे न बघता पुसायच्या फडक्याशी चाळा करत राहिले, आणि लहान पोरासारखे म्हणाले, "अवं... त्या दिवशी ती आणखी काही बोलली का? माह्याबद्दल?"

"नाही," मी म्हटलं.

खरंच काही बोलली नव्हती. आणि बोलली असती, तरी मी सांगितलं नसतं.