उलट्या पावलांचा वॉल्ट्झ

माझ्या मामाला आयुष्यात एकच वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांची युरोपी नाचाची धून, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत स्वतःच्या हातांनी चालवायचा होता, आणि तोही समोर खरेखुरे वादक असताना. ही इच्छा त्याने कधी लपवली नाही. नववर्षाच्या दुपारी लोणावळ्याच्या घरात टीव्हीवर व्हिएन्नाची मैफल सुरू झाली, की मामीची स्वेटर विणायची सुई उचलून तो मधोमध उभा राही, आणि पुढचे दोन-अडीच तास आम्ही त्याचा वाद्यवृंद असू.

संचालनाच्या सगळ्या शैली मी तिथेच शिकले. एक संचालक नुसत्या भुवया उचली, आणि दुधावर साय धरावी तसा व्हायोलिनांचा आवाज अलगद दाटून येई. दुसरा हवेतून कापूस वेचल्यासारखी बोटे चालवी. तिसऱ्याने एकदा खिशातून शिट्टी काढून फुंकली होती, आणि तेवढ्यावर व्हिएन्नाची सारी रेशमी मंडळी खळखळून हसली होती. चौथा दोन्ही हात खिशात घालून वादकांकडे केवळ कौतुकाने पाहत राही. मामाने या चौथ्याची नक्कल केली, की मटार सोलता सोलता मामी म्हणे, "हे मात्र छान जमतं हो तुम्हाला. काही न करता उभं राहणं."

यंदा आमच्या वसाहतीत नववर्षाच्या सकाळी हिरवळीवर कार्यक्रम करायचे ठरले, आणि मामाने हात वर केला. वॉल्ट्झ तर ठरला, पण मावळात वाद्यवृंद कुठून आणायचा? मग जवळच्या वडिवळे गावातला लग्नाचा बँड आठवला. भात झोडून झाले होते, धनुर्मासात लग्ने नसतात, त्यामुळे मंडळी मोकळी होती.

तालमीसाठी मी मामासोबत वडिवळ्याला गेले. गोठ्याशेजारच्या पडवीत नव्या पेंढ्याचा गोडसर वास होता, आणि त्यात पितळ घासल्याचा आंबट वास मिसळला होता. बँडचे मास्तर क्लॅरिनेट वाजवीत. त्यांनी मोबाइलवर वॉल्ट्झ ऐकला आणि मामाकडे पाहून मान डोलावली.

"आबा, ह्यो तर दादऱ्याचा भाऊच की! हळदीला लय वाजवतो आमी."

खरोखरच तासाभरात तो बसला. मोठा ढोल 'धूम' म्हणे आणि झांजा लाजऱ्या करवल्यांसारख्या मागून 'छन् छन्' करीत. मामा बाजेवर बसून सुई हलवत होता, वादक पेंढ्यावर मांडी घालून वाजवत होते. सगळे बसलेले होते, म्हणूनच पुढचे संकट आम्हाला दिसले नाही.

नववर्षाची सकाळ कोवळी, थंड, दवाने ओली होती. मामीने हिरवळीलगतच्या फरशीवर रांगोळीचा एक चौकोन काढून मामाला बजावले, "याच्या बाहेर जायचं नाही." मामाने सुई उचलली. पहिला सूर इतका अलवार आला, की माझ्या दंडावर शहारा उठला. मग हळुवार जागा आली, आणि व्हिएन्नाचे संचालक करतात तसा मामा वाकून एक पाऊल मागे सरला.

अख्खा बँड एक पाऊल पुढे आला.

वरातीत मास्तर बँडकडे तोंड करून उलटा चालतो आणि बँड त्याच्या मागोमाग येतो. या माणसांनी जन्मात उभ्याने जागच्या जागी काही वाजवले नव्हते. मामा दचकून आणखी मागे गेला, बँड आणखी पुढे आला, आणि रांगोळी सतरा जणांच्या चपलांना लागून नाहीशी झाली. "सावकाश" असे सुचवायला मामाने दोन्ही हात पसरले. वरातीत त्याचा अर्थ, जागा करा, नाचणारे आलेत. ढोल दुप्पट जोराने गरजला. शेवटच्या ओळीपाशी मामाने सुईने डोक्यावर एक देखणे वर्तुळ काढले. वरातीत त्याचा अर्थ, तेच पुन्हा, पहिल्यापासून. वॉल्ट्झ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

प्रेक्षकांना वाटले, हा मैफलीतला विनोद आहे. त्यांनी टाळ्यांचा ताल धरला आणि फाटकातून आमच्या मागे निघाले. एक आजोबा तर खुर्चीसकट. बाहेरचा रस्ता उताराचा होता, आणि उतारावर उलटा चालणारा माणूस थांबू शकत नाही, फक्त पडू शकतो. पर्यटकांची एक गाडी थांबली आणि आतली मुले उतरून नाचू लागली. औंढे गावाकडून गवताचा भारा घेऊन येणाऱ्या मावशींनी मामीला विचारले, "आवं, नवरदेव कुटं हाय?"

"तो काय, उलटा चाललाय तोच," मामी म्हणाली.

"लय उशिरा उजवला म्हनायचा!"

मामी हसून रस्त्यातच वाकली. मी मात्र मामाचा चेहरा पाहिला. तो घामाने निथळत होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि दर फेरीला शेवट जवळ आला, की त्याचे डोळे लहान मुलासारखे आशेने चमकत आणि सुई वर्तुळ काढताच विझत.

"वर्तुळ काढू नकोस, मामा!" मी ओरडले.

"मग शेवट कसा दाखवू? मला शेवट हवाय गं!"

मी मास्तरांशेजारी धावत गेले. त्यांनी क्लॅरिनेट ओठांवरून क्षणभर काढले. "ताई, दारात कुनी ओवाळायला आल्याबिगर बँड थांबत न्हाई आमचा. तशी रीतच हाय."

मामीने हे ऐकले, आणि तिचे हसू एकदम थांबले. "चार वेळा शेवटाशी येऊन परतलाय बिचारा," ती पुटपुटली, आणि पदर खोचून आडवाटेने पळाली. इतक्या वर्षांत तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिले.

रस्ता वसाहतीला वळसा घालून मामाच्याच मागच्या दाराशी संपतो. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दारात मामी धापा टाकत उभी होती. हातात तबक होते, त्यात निरांजन, कुंकू, आणि अक्षता सापडल्या नसाव्यात म्हणून मटारचे दाणे. मामाला ती दिसली नाही, बँडला दिसली. मास्तरांनी ढोलाला डोळ्यांनी खूण केली. झांजा हळू झाल्या. क्लॅरिनेट शेवटच्या ओळीवर पिसासारखे तरंगत खाली येऊ लागले, आणि सगळ्या वादकांनी, त्या सकाळी पहिल्यांदाच, मामाकडे वाट पाहत बघितले.

मामाची टाच पायरीला लागली. त्याने दोन्ही हात उचलले, ते वरच धरले, मला वाटले तो आता रडतो, आणि खाली आणले.

धूम.

मग नुसती शांतता, आणि निरांजनाच्या तुपाचा वास.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मामा सुई छातीशी धरून बँडला, रस्त्याला, पर्यटकांना, खुर्चीवाल्या आजोबांना वाकून नमस्कार करू लागला.

"अहो, वळा इकडे," मामी म्हणाली. "कपाळ पुढे असतं माणसाला."

"थांब गं, टाळ्या संपू देत."

टाळ्या काही संपेनात. ज्योत वाऱ्याने फडफडू लागली. शेवटी मामीने त्याच्या वाकलेल्या पाठीलाच ओवाळले, आणि मटारचे दाणे उधळून टाकले.