रपोटातली मिशी

कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या बाजारात कापसाची गंजी पेटली, आणि त्याच दिवशी आमचे घरधनी तिथं गाडी रिकामी करत होते.

पुढं आमच्या तिवशाच्या चावडीवर शिपायानं सरकारी रपोट वाचला. काय तो रपोट! आग कशी लागली याचा पत्ता नाही, 'सदरहू इसम' मात्र ओळीओळीला. कधी तो आग लावणारा, कधी विझवणारा. शेवटी संशयिताचं वर्णन: मध्यम बांधा, सावळा रंग, अंगात बंडी, भरघोस मिशा. अख्ख्या वऱ्हाडातले गाडीवान त्यात बसत होते. लिहिणाऱ्यानं मान वर करून कुणाकडं पाहिलं तरी होतं की नाही, देव जाणे. पण त्याच वर्णनावरून शेजारच्या गावचा गाडीवान बांधून नेला होता, तो परत आला नव्हता.

धन्यांनी घाबरून मिशी काढली. बाप गेल्यावरच काढायची ती मिशी! मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर जिवंत बसलेले. त्यांनी तोंड फिरवलं.

थोड्याच दिवसांत नवा रपोट आला. जुनंच सगळं, वर एक भर: संशयितानं मिशी काढल्याचं समजतं. शिपाई घरोघर फिरू लागला.

"आता कुठी जाऊ, बा?" धनी ओठावर हात धरून म्हणाले.

मामाजींनी वस्तरा आणला. "बस इथं. डोक्सं भादरतो तुयं. शिपायाले सांग, बाप मेला."

"असं काहून बोलता, मामाजी?" मला रडूच फुटलं.

"मंग पोराले नेऊ देऊ? तू रड, सूनबाई. कामाचंच हाय."

मुलाचं डोकं आपल्या हातांनी भादरून मामाजी कणगीमागं लपले. शिपाई दारात आला. त्यानं धन्यांचं डोकं निरखलं, आणि तेवढ्यात कणगीमागं खोकल्याची उबळ आली. मी छाती पिटून हंबरडा फोडला. तो खोटा नव्हता. भीतीनं माझा जीव जायची वेळ आली होती.

शिपाई गेला. रपोटात मामाजी मेले. त्यानंतर कितीतरी वर्षं शिपायाचं पागोटं दिसलं, की ते हातातलं काम टाकून कणगीमागं जात.

ते खरोखर गेले, तेव्हा न्हावी आला. धनी त्याच्यासमोर बसेनात. पुन्हा वाढलेली मिशी दोन्ही हातांनी झाकून उभेच राहिले.

"बा तं आधीच मेला हाय," ते मला म्हणाले. "आता शिपायाले काय सांगू?"